माणूस मठ्ठ जन्मतो काय?



एखादे मूल वर्गात पेंगते, सांगितलेले विसरते, तेव्हा आपण काय म्हणतो? मठ्ठ आहे, आळशी आहे. घरातील म्हातारी माणसे म्हणतात, मागल्या जन्मीचे भोग आहेत. असे बोलणे सोपे असते. ते किती अन्यायाचे असते, हे मी शिक्षक असूनही फार उशिरा शिकलो.

सातवीच्या वर्गात एक मुलगी शेवटच्या बाकावर बसत असे. प्रश्न विचारला की बराच वेळ गप्प. इतरांना उकडत असताना हिच्या अंगावर स्वेटर. एके दिवशी ती झोपलेली दिसली. मला संताप आला आणि मी तिच्या हातावर छडी मारली. मुलांना मारण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे, हे मला ठाऊक होते. पुढे तिच्या आईने तिला दवाखान्यात नेले, रक्त तपासले. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी पुरेसा स्राव तयार करीत नव्हती.

या स्रावातील मुख्य द्रव्य म्हणजे थायरॉक्सिन. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीरातील पेशींच्या कामाची गती त्यावर अवलंबून असते. ते कमी पडले की थंडी सोसत नाही, बोलणे संथ होते, स्मरण मंदावते, सारखी झोप येते. गर्भात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या वर्षांत कमी पडले, आणि उपचार झाले नाहीत, तर मेंदूची वाढ खुंटते. ती हानी पुढे भरून निघत नाही.

हिमाचलातील कांगडा खोऱ्याच्या मातीत आयोडीन कमी. त्यामुळे तेथे गलगंड घरोघर दिसे. डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तेथील काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरविले, एका भागात साधे मीठ. आयोडीन मिळाले तेथे गलगंड घटला. साध्या मिठाच्या भागात घटला नाही. लोक ज्याला दैव म्हणत होते, त्याचे कारण मिठात सापडले! मागल्या जन्मीच्या कर्माची कल्पना बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात का नाकारली, हे येथे समजते. पूर्वजन्माचे पाप मानले की कारण शोधण्याची गरजच उरत नाही.

आता तुम्ही विचाराल, वागणे जर अशा द्रव्यांवर अवलंबून असेल, तर माणूस कशालाच जबाबदार नाही काय? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला. छडी उगारताना माझ्याही रक्तात ॲड्रेनलिन उसळले होते. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ते रक्तात येते, छाती धडधडते, स्नायू ताठतात. मग मीही निर्दोष? नाही. कितीही रागावले तरी त्या मुलीची ग्रंथी कामाला लागणार नव्हती. मला मात्र थांबता येत होते. 'बाळ, तुला बरे नाही का?' एवढे विचारता येत होते. संताप आपोआप आला असेल. छडी मी उचलली.

ती मुलगी आता रोज सकाळी अनशापोटी गोळी घेते. काही महिन्यांतच गणिताच्या तासाला तिचा हात वर येऊ लागला. मी वर्गासमोर तिची क्षमा मागितली.

म्हणून पालकहो, आयोडीनयुक्त मीठ वापरा व ते झाकून ठेवा. गर्भवती सुनेची, नवजात बाळाची थायरॉईड तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नका. आणि आपल्या मुलाला कोणी मठ्ठ म्हटले, मग ते शिक्षक असोत, तर मान खाली घालू नका. त्याचे कारण विचारा.