लग्न दुसऱ्याचे, माईक आपला

तो २९ एप्रिल २०११ चा शुक्रवार. लंडनमध्ये सकाळचे अकरा वाजायला आले होते, म्हणजे आपल्या बेळगावात दुपारचे साडेतीन. तिकडे राजपुत्र विल्यमशी लग्न लावायला केट मिडलटन वडिलांबरोबर मोटारीतून वेस्टमिन्स्टर ॲबीकडे निघाली होती आणि इकडे आमच्या सोप्यात माझी थोरली बहीण, आक्का, पंख्याखाली पाय पसरून ते पाहत बसली होती. भर लग्नसराईचे दिवस. एका घरी सकाळी अक्षता टाकून, पंगतीला न थांबता ती हे लग्न गाठायला परत आली होती. आक्काला मराठी यायचे. कन्नड तर असे यायचे की बाजारातल्या भाजीवाल्या तिला आपल्यातलीच समजत. इंग्रजीशी मात्र तिचा काही संबंध नव्हता. निवेदक काय बोलतो आहे हे तिला कळायचे कारणच नव्हते. तरी थोड्याच वेळात तिने निकाल देऊन टाकला.

"हा बाबा जरा गप्प बसला तर काय बिघडतंय की? पोर माहेरची म्हणून बापाशेजारी शेवटचं बसलीय. बघू दे की नीट."

मी हसलो आणि विषय तिथेच राहिला. पण तिचे ते बोलणे माझ्या मनातून गेले नाही. का गेले नाही ते पुढे सांगेन.

राजघराण्यातले लग्न झाले की तिकडच्या प्रेक्षकांत दुसऱ्या दिवशी एक वेगळाच पंक्तिप्रपंच सुरू होतो. नवरा-नवरीविषयी लोक जपून बोलतात. सगळा राग लोभ निघतो तो निवेदकांवर. अमका फार बडबडतो, तमकी पाहुण्यांची नावे चुकवते, तिसऱ्याने वाद्ये वाजत असताना मध्येच तोंड घातले, चौथा इतका लवतो की आता पालथा पडेल असे वाटते. एखादा क्षणभर थांबला तर "तयारी केलेली दिसत नाही" असाही शेरा असतोच. १९ मे २०१८ ला हॅरी आणि मेगन यांचे लग्न विंडसरला लागले, तेव्हा अमेरिकेतल्या एचबीओ वाहिनीवर विल फेरेल आणि मॉली शॅनन या विनोदी नटांनी खोटी नावे घेऊन, खोटे निवेदक बनून त्या लग्नाचे समालोचन केले. टिंगल लग्नाची नव्हती, समालोचन करणाऱ्यांची होती; आणि लोकांना ती लगेच कळली, यातच सारे आले.

आता प्रश्न असा की, हा प्रेक्षकांचा न्याय खरा का? घरी खुर्चीत बसून, चहा पीत, दूरवर घसा कोरडा करणाऱ्या माणसाला नावे ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार?

निवेदकाची बाजू आधी मांडली पाहिजे. विल्यमच्या लग्नाला ॲबीत १९०० पाहुणे होते. त्यांना आत येऊन बसायलाच कित्येक तास लागतात आणि त्या वेळात पडद्यावर दिसते काय, तर टोप्या, मोटारी आणि रस्त्याकडेची गर्दी. ॲबीच्या आत खरीखुरी झाडे आणून ठेवली होती, ती एकदा दाखवून झाली. नवरीचा पोशाख कोणी शिवला हे तर त्या सकाळपर्यंत गुपित होते. तो सारा बर्टन यांचा निघाला. तोवर वाहिन्यांवरची मंडळी तर्क लढवत होती. दाखवायला काही नाही आणि थांबायची मुभा नाही, अशा अवस्थेत माणूस बोलणार नाही तर काय करील? आपल्याकडे मुहूर्त लांबला की भटजीसुद्धा पाल्हाळ लावतात.

पण या सहानुभूतीला हद्द आहे. ३ जून २०१२ ला राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्यानिमित्त थेम्स नदीतून नौकांची मिरवणूक निघाली. लग्न नव्हे, पण थाट तोच. पाऊस कोसळत होता आणि बीबीसीने वेळ घालवायला गप्पांचा फड मांडला होता. एकाने राणीचा उल्लेख 'हर मॅजेस्टी' असा न करता 'हर रॉयल हायनेस' असा केला. म्हणजे आपल्याकडे महाराजांना युवराज म्हणावे तसे. या समारंभाचे चित्र छापलेल्या, ओकारीसाठी वापरायच्या कागदी पिशव्यासुद्धा पडद्यावर दाखवल्या गेल्या. हजारो तक्रारी गेल्या. त्या तक्रारी करणारे सगळेच राजनिष्ठ होते असे मला वाटत नाही. त्यांचे दुखणे वेगळे होते. समोर नदीत नावा चालल्या आहेत, त्यांची नावे सांगणारा कोणी नाही आणि नको ते सांगणारे पुष्कळ.

इथे मला महाभारतातला संजय आठवतो. आपल्याकडे धावत्या समालोचनाचा विषय निघाला की त्याला पाचारण करण्याची रीतच आहे. पण एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. संजयाचा श्रोता आंधळा होता. आकाशवाणीवरून क्रिकेटचे वर्णन करणाऱ्याचाही श्रोता त्या वेळेपुरता आंधळाच असतो. शब्द थांबला की त्याचे जग थांबते. दूरचित्रवाणीवरच्या निवेदकाचा श्रोता मात्र डोळस आहे. नवरी पायऱ्या चढते आहे हे त्याला दिसतेच आहे. मग त्याला सांगायचे काय? जे दिसते पण उमगत नाही तेवढेच. हा म्हातारा कोण, हे गाणे कोणाच्या आवडीचे, ही अंगठी कुणाची. बाकी सारे म्हणजे त्याच्या डोळ्यांवर आपला हात ठेवणे.

हे ओळखलेला माणूस म्हणजे रिचर्ड डिंबल्बी. ते मुळात रेडिओचे. २ जून १९५३ ला राणीच्या राज्याभिषेकाचे त्यांनी बीबीसी दूरचित्रवाणीवर समालोचन केले. ६ मे १९६० ला राजकन्या मार्गारेटचे लग्न झाले, ते पडद्यावर दिसलेले पहिले राजघराण्यातले लग्न, तिथेही तेच. राज्याभिषेकाच्या दिवशी भल्या पहाटेपासून ते ॲबीत उंचावरच्या एका जागी बसून होते. तिथून त्यांना सर्व काही दिसत होते. समारंभ संपून मोठमोठे उमराव निघून गेले, तेव्हा त्यांच्या बैठकीखाली सँडविचचे कागद, वर्तमानपत्रे असा कचरा पडलेला होता, तोही. हे त्यांनी मागाहून लिहिले. पण त्या समारंभाचे वर्णन ऐकणाऱ्या लोकांना त्या दिवशी हवा होता तो राणीचा मुकुट, उमरावांचे उष्टे नव्हे, हे ते जाणून होते.

यावर कोणी म्हणेल, हा तर दरबारी भाट झाला. त्या काळीही त्यांना असे म्हणणारे होते. मलाही तसेच वाटत असे. पण एप्रिल १९४५ मध्ये जर्मनांच्या बेल्सन छळछावणीत पोहोचून तिथल्या प्रेतांच्या राशींचे वर्णन रेडिओवर करणारा वार्ताहर हाच. ते वर्णन इतके भीषण होते की प्रसारित करायला बीबीसी कचरली होती आणि त्यांना ते धसाला लावावे लागले. ज्या माणसाने तिथे गप्प बसायला नकार दिला, त्याने ॲबीत कचऱ्याविषयी मौन राखले. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. कुठे सर्व सांगितलेच पाहिजे आणि कुठे न सांगितल्याने कोणाचे नुकसान होत नाही, एवढा विवेक त्याच्यापाशी होता.

पण न सांगितल्याने नुकसान होते अशीही लग्ने असतात. २९ जुलै १९८१ ला सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये चार्ल्स आणि डायना यांचे लग्न झाले. बीबीसीवर टॉम फ्लेमिंग यांचा भारदस्त आवाज होता. जगभरात ७५ कोटी लोकांनी ते पाहिले असा अंदाज सांगतात. शपथ घेताना डायनाने चार्ल्सच्या नावांचा क्रम उलटा केला. चार्ल्सही एका शब्दाला चुकले. या घसरणी कौतुकाने सांगितल्या गेल्या, आणि ते ठीकच. पण त्याच्या पाच महिने आधी, वाङ्‌निश्चयाच्या दिवशीच्या मुलाखतीत, तुमचे एकमेकांवर प्रेम आहे का, असे विचारल्यावर डायना "अर्थातच" म्हणाली आणि चार्ल्स यांनी, प्रेमात पडणे म्हणजे काय असेल ते असो, अशा अर्थाची पुस्ती जोडली. हे सर्वांनी ऐकले होते. लग्नाच्या दिवशी मात्र सगळीकडे परीकथा. आर्चबिशप रन्सी यांनी प्रवचनात परीकथेचा शब्द काढला खरा. पण लगेच पुढे त्यांनी असेही सांगितले होते की, परीकथा लग्नापाशी संपते, आमच्या धर्मात मात्र तिथून पुढे खरी वाटचाल सुरू होते. लोकांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. १९९२ च्या डिसेंबरात दोघे वेगळे झाल्याचे जाहीर झाले, १९९६ च्या ऑगस्टमध्ये घटस्फोट.

लग्नाच्या दिवशी निवेदकाने अपशकुन करावा असे माझे म्हणणे नाही. पण ते दोघे सुखाने नांदतील याचा जामीन राहायला त्याला कोणी सांगितले होते? आपले भटजी एवढ्या मंगलाष्टका म्हणतात, पण शेवटी शब्द येतो तो 'सावधान'. तो एक शब्द त्या दिवशी साऱ्या जगाच्या समालोचनात कमी पडला असे मला वाटते.

डिंबल्बींची गोष्ट सांगताना मी नकळत असे सुचवले की, माणूस चांगला म्हणून त्याचा आवाज चांगला. प्रेक्षकांची मते बहुधा याच वाटेने जातात: हा सोज्वळ वाटतो, ही आपुलकीची वाटते. त्या दोन्ही लग्नांचे, २०११ चे आणि २०१८ चे, बीबीसीवरचे मुख्य निवेदक होते ह्यू एडवर्ड्स. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेल्याचे बीबीसीवरून त्यांनीच सांगितले. काळा टाय, मोजके शब्द, लोकांनी वाखाणले. जुलै २०२४ मध्ये याच गृहस्थांनी लहान मुलांच्या अश्लील चित्रांसंबंधीचे गुन्हे न्यायालयात कबूल केले; सप्टेंबरात सहा महिन्यांची, दोन वर्षे स्थगित ठेवलेली शिक्षा झाली. हे वाचले त्या दिवशी मला फसवल्यासारखे वाटले. नंतर विचार केला, फसवले कोणी? राणी गेल्याची बातमी खरीच होती. ती त्यांनी नीटच दिली होती. आवाजावरून माणूस ओळखता येतो हा दावा माझा होता. तेव्हापासून मी निवेदकाच्या माणूसपणावर शेरा मारायचे सोडले आहे. समोरच्या क्षणाचे त्याने काय केले, एवढेच पाहतो.

आणि प्रेक्षक तरी कुठले धुतल्या तांदळासारखे? एप्रिल २०२१ मध्ये राजपुत्र फिलिप वारले, तेव्हा बीबीसीने नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवून तेच तेच दाखवले म्हणून १,०९,७४१ तक्रारी आल्या. दूरदर्शन संच बंद करण्याचे बटण प्रत्येकाच्या हाताशी होते.

आता आक्काचे बोलणे का सलत राहिले ते सांगतो. मी पेशाने मास्तर. आवाज खणखणीत, दोन्ही भाषा बोलायला सारख्या. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात लग्न निघाले की माईक माझ्या हातात. १९९६ साली आक्काच्या मुलीचे लग्न झाले. मुलाकडची मंडळी धारवाडकडची, कन्नड बोलणारी. कोणा एका बाजूला परके वाटू नये म्हणून प्रत्येक सूचना मी मराठीत आणि कन्नडमध्ये, अशी दोनदा देत होतो. त्याचा मला केवढा अभिमान! व्याह्यांनी पाठ थोपटली होती.

त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे; पुढे तिची सीडी करून घेतली. पाठवणीच्या वेळी आक्का मुलीला जवळ घेऊन उभी आहे. तिचे ओठ हलताहेत. आमची आई पाठवणीला एक ओवी म्हणत असे, तीच ती म्हणत असणार. आईनंतर ती ओवी फक्त आक्काला येत होती. आणि कॅसेटमध्ये ऐकू येतो तो माझा आवाज: "शेवटची पंगत बसते आहे, राहिलेल्या मंडळींनी जेवायला चलावं." लगेच, "ऊटक्क बर्री, ऊटक्क बर्री." दोन्ही भाषांत, अगदी सुस्पष्ट.

त्या दुपारी पंख्याखाली बसून आक्का जे बोलली ते मला उद्देशून होते की नाही, कोण जाणे. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मीही विचारले नाही, आणि ओवी लिहून घ्यायचेही तेव्हा सुचले नाही. २०१७ मध्ये आक्का गेली. गेल्या वर्षी भाची माहेरपणाला माझ्याकडे आली होती. मुलांनी ती सीडी लावली. माझा आवाज आला तशी मुले हसू लागली. भाचीने विचारले, "मामा, तू तर पाच हातांवर उभा होतास. आई काय म्हणत होती रे?"

माझ्या हातात माईक होता. मला काही ऐकू आले नव्हते.