पुढच्या खेपेला येतो

“जरा सरका, अजून एक बसतोय.” औंधहून सुटणारी वडाप असो की एसटी, हे वाक्य ठरलेलं. आपण सरकतो. कुणाचं तरी पोर मांडीवर घेतो, पिशवी पायाशी ओढतो. आपल्या मुलखाची ही माया खरी आहे, आणि ती असायलाच हवी.

पाण्यावर मात्र हीच माया जड होते. खटाव तालुक्यातून वाहणारी आपली येरळा पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. त्या ब्रह्मनाळात 8 ऑगस्ट 2019 ला, महापुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बायाबापड्या गेल्या, लहान मुलं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पण घरात पाणी शिरलेलं असताना, पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ‘तू थांब’ असं कोण म्हणेल? मला तरी त्या घडीला कुणाला दोष देववत नाही. बोट भरत जाते तसा तिचा काठ पाण्याजवळ येतो. मग चारजण घाबरून एका अंगाला झुकले तरी पुरतं.

म्हणून ‘नाही’ हा शब्द नदी शांत असतानाच ठरवून ठेवायला हवा. 1876 मध्ये ब्रिटनच्या कायद्यानं जहाजांच्या अंगावर भाराची रेघ, म्हणजे पाणी जिच्या वर चढेल इतकं ओझं भरायचं नाही अशी खूण, रंगवणं सक्तीचं केलं. सॅम्युअल प्लिमसोल त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले होते. तरी ती रेघ कुठं काढायची, हे आधी मालकांवरच सोडलं होतं. तीही जागा कायद्यानं ठरवायला 1890 साल उजाडलं. आपल्या गावच्या बोटीवर माणसांचा आकडा ठळक रंगवायला आणि तेवढी जॅकेटं आणून ठेवायला उन्हाळ्यातली एक ग्रामसभा पुरे.

आकडा रंगवला तरी तो पाळायचा कुणी? परवाना देणारा साहेब प्रत्येक खेपेला काठावर नसतो. तिथं असतो तो नावाडी, आणि असतो आपण. ‘बास, आता नाही’ म्हणणाऱ्याला रोज बोलणी खावी लागतात, वर चार पैसेही जातात. अशा वेळी रांगेतून कुणी म्हणालं, “बरोबर आहे दादा तुमचं, मी पुढच्या खेपेला येतो,” की मागचेही थांबतात. नावाड्याला हुज्जत घालावी लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो न अडखळता ‘नाही’ म्हणतो.