दारातील विहीर

शास्त्रभाग : उत्पत्ती, अध्याय २६, वचने १२ ते ३३



उन्हाळा जवळ आला म्हणजे आमच्या मंडळ्यांतून सेवेस निघण्याची तयारी सुरू होते. शाळा सुटतात, रानातील कामे आटोपलेली असतात, आणि तरुण मंडळी झोळीत शुभवर्तमानाच्या प्रती घालून खेड्यांची वाट धरतात. ही चाल चांगली आहे. परंतु उन्हाळ्यात खेड्याला काय हवे असते, हा प्रश्न निघण्यापूर्वी आपण स्वतःस विचारतो काय? आम्ही तो विचारला नव्हता. त्याचे उत्तर आम्हांस कसे मिळाले, ते आज सांगावयाचे आहे.

सन २०१६ चा तो उन्हाळा. धाराशिव जिल्ह्यास, ज्यास त्या वेळी उस्मानाबाद म्हणत, लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला होता. शेजारच्या लातूर शहरास तर एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा वेळी आम्ही काही जण भूम तालुक्यातील एका लहान मंडळीत दोन महिने राहावयास गेलो. सकाळी मुलांचा वर्ग, दुपारी घरोघर भेटी, संध्याकाळी उपासना, असा आमचा बेत होता. पहिल्याच पहाटे तो मोडला. वर्गास एकही मूल आले नाही. सर्व मुले हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.

बालाघाटाच्या ह्या पठारावर मातीखाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या फटींतून साठते. म्हणून एकाच्या दारची कूपनलिका चालते, आणि वीस पावलांवरची कोरडी पडते. त्या गावी असेच झाले. गावातील कूपनलिका एकामागून एक आटल्या, आणि आमच्या प्रार्थनामंदिराच्या आवारातील तेवढी सकाळी तासभर पाणी देत राहिली. चार दिवसांत ती बातमी गावभर झाली, आणि पाचव्या दिवशी वरच्या आळीतील बाया हंडे घेऊन फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. आत कोणी येईना, आणि या असे आमच्यातील कोणी म्हणेना.

त्या रात्री मंडळी जमली. एक तरुण उठून म्हणाला, “आमच्या आज्याला ह्यांनी आडाच्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही. आज त्यांचा आड आटला म्हणून आमचं दार आठवलं का?” बंधूंनो, ह्या बोलण्यात खोटे काय होते? पाण्याला शिवण्याचा हक्क मिळावा म्हणून १९२७ साली २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, हे आपण सर्व जाणतो. आम्ही बाहेरून आलेले उपदेशक त्या तरुणास क्षमेवर प्रवचन देऊ लागलो असतो, तर ते आम्हांस शोभले नसते. ज्याने घाव सोसला नाही, त्याने क्षमेचा उपदेश करण्याची घाई करू नये.

तेव्हा मंडळीतील एक वृद्ध आत्या बोलल्या. “माझी माय घागर घेऊन आडाच्या कडंला उन्हात बसायची. वरून कुणी वाढलं तर पाणी, न्हाई तर दिवसभर ऊन. मी तिच्या पदराखाली बसलेली हाय. ती तहान मला ठावं हाय, लेकरा. म्हणून ती मला दुसऱ्याच्या लेकराला देववत न्हाई.”

पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग पाळकांनी इसहाकाचा वृत्तांत वाचला. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी हेव्याने माती टाकून बुजविल्या, आणि इसहाकास देशाबाहेर घालविले. त्याने त्या पुन्हा उकरल्या. गराराचे गुराखी पाण्यासाठी भांडले, तेव्हा तो पुढे सरकला. दुसऱ्या विहिरीवरही भांडण झाले, तेव्हा आणखी पुढे सरकला. तिसरीवर कोणी भांडले नाही, म्हणून तिचे नाव त्याने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे ठेविले. येथवरची गोष्ट आपण शब्बाथशाळेत शिकवितो. पुढची मात्र विसरतो. ज्या राजाने त्यास घालविले होते, तोच पुढे त्याच्या दारी आला. इसहाकाने प्रथम त्यास स्पष्ट विचारले की, तुम्ही माझा द्वेष करून मला घालविले, मग आता का आला? त्याने झालेला अन्याय झाकला नाही. परंतु तो बोलून दाखविल्यावर त्याने त्यांस जेवावयास वाढले. आणि ते गेले त्याच दिवशी त्याच्या चाकरांनी येऊन पाणी लागल्याची वार्ता सांगितली.

त्या रात्री ठराव झाला तो असा : फाटक सर्वांसाठी उघडावे, प्रत्येक घरास दोन हंडे, मंडळीच्या कुटुंबांनीही त्याच रांगेत उभे राहावे, आणि ज्या वृद्धांस उचलवत नाही त्यांचे पाणी तरुणांनी पोहोचवावे. आम्ही हळूच विचारले की, रांगेत शुभवर्तमानाच्या प्रती वाटाव्या काय? आत्यांनी मान हलविली. “पाण्याच्या रांगेत पुस्तक द्याल, तर पाण्याचं मोल घेतल्यासारखं व्हईल.” आम्ही लज्जित झालो, आणि झोळ्या खुंटीस टांगल्या.

ह्यामुळे गावाचे मन एका दिवसात पालटले, असे आम्ही सांगणार नाही. एका घरच्या बाईने आपल्या हंड्यास आमचा हात लागू दिला नाही. तिचाही हंडा भरला गेला. तो तरुण तीन रविवार उपासनेस आला नाही. चौथ्या रविवारीही आला नाही, परंतु सोमवारी पहाटे एका आजारी म्हाताऱ्याची घागर खांद्यावर घेऊन वरच्या आळीकडे जाताना आम्ही त्यास पाहिले. मे महिन्याच्या अखेरीस ती कूपनलिकाही आटली. मग सर्व गाव एकाच टँकरच्या रांगेत उभे राहिले. पण त्या रांगेत कोणी कोणास मागे सर म्हटले नाही. आमच्या पदरी पडले ते एवढेच, आणि ते थोडे नव्हे.

भूमच्या शिवेला लागून जामखेड तालुका आहे. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. दोनच वर्षांत १९७२ चा मोठा दुष्काळ पडला. गावोगाव कूपनलिका खणताना त्या दलित वस्तीत व्हाव्या, असा त्यांनी प्रयत्न केला, म्हणजे पाण्यासाठी सर्व गावाने तेथे यावे. खेड्यातील साध्या बायांस, ज्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, शिकवून त्यांनी आपापल्या गावच्या आरोग्यसेविका केले. १९७९ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ती दोघे आज प्रभूपाशी विसावली आहेत. विहिरीची जागा बदलली म्हणजे गावाची वाट बदलते, हा त्यांचा धडा मात्र राहिला आहे.

आणि आपला प्रभू? याकोबाच्या विहिरीवर तो दमून बसला, तेव्हा त्या शोमरोनी बाईस त्याने आरंभी शिकविले नाही; आरंभी त्याने पाणी मागितले. जिच्या भांड्यातून त्याच्या लोकांनी पाणी घेतले नसते, तिच्यापुढे त्याने हात पसरला. जिवंत पाण्याची गोष्ट त्यामागून आली.

म्हणून उन्हाळी सेवेस निघणाऱ्या उपदेशकांस आमची विनंती अशी. गावात जाताच प्रथम पाण्याची चौकशी करा, आणि कोणत्या वृद्धाच्या घरी पाणी भरावयास कोणी नाही हे लिहून घ्या. उलट्या-जुलाबाने बेजार झालेल्या मुलास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडेथोडे पाजण्यास आयांना शिकवा, आणि मूल मलूल दिसताच दवाखान्यात न्या. भर दुपारी कोणास सभेस बोलावू नका. आणि ज्या घरी जाल तेथे आधी तांब्याभर पाणी मागून प्या. देणारे होण्यापूर्वी घेणारे व्हा. प्रभूने तसेच केले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांस विहिरीवर चढू दिले गेले नाही. ती आठवण पुसू नका. परंतु देवाने आज आपल्या दारात विहीर दिली असेल, तर तिच्यावर कोणते नाव कोरावयाचे, भांडणाचे की ऐसपैस जागेचे, हे आपल्या हाती आहे. हे करण्यास तो आपणांस धैर्य देवो. आमेन.