वाडवडिलांची घळ



अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात लम्पकिन गावाजवळ 'प्रॉव्हिडन्स कॅन्यन' नावाच्या घळी आहेत. प्रॉव्हिडन्स म्हणजे देवाची तरतूद. काही ठिकाणी खोली सुमारे १५० फूट, कड्यांची माती लाल, केशरी, गुलाबी, पांढरी. १९७१ पासून तेथे राज्य सरकारचे उद्यान आहे आणि जॉर्जियाच्या सात नैसर्गिक आश्चर्यांत या घळी मोजल्या जातात. 'नैसर्गिक' हा शब्द तेवढा खोटा आहे.

१८२० च्या दशकात ही भूमी तेथील मूळ रहिवासी मस्कोगी लोकांकडून तह करवून काढून घेण्यात आली. नव्या मालकांनी जंगल तोडले आणि गुलामांच्या घामावर कापूस पिकवला. बांधबंदिस्तीची काळजी कोणी घेतली नाही. वरची माती धुपली, खाली होती भुसभुशीत वाळू. १८५० च्या सुमारास पावसाचे चर तीन ते पाच फूट खोल झाले होते. तेथील मेथडिस्ट बांधवांचे जुने चर्च घळीच्या तोंडी आले, तेव्हा १८५९ साली रस्त्यापलीकडे नवे बांधावे लागले. पुढे लोक सांगू लागले की गोठ्याच्या छपरावरून ठिबकणाऱ्या पाण्यामुळे ही घळ पडली. अशी गोष्ट सांगायला बरी असते, तिच्यात कोणाचेच नाव येत नाही.

आज त्या काठावर राहणारा माणूस दोषी आहे का? यहेज्केल संदेष्ट्याने १८ व्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. पापनिवेदनाला आपण आजोबांची पापे सांगत नाही, आणि सांगूही नयेत. पण बहुतेक वेळा आपण इथेच थांबतो आणि हात झटकतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: वस्तू घेण्याचे कृत्य आणि घेतलेली वस्तू. कृत्याचा दोष करणाऱ्याचा. पण दुसऱ्याची वस्तू जोवर माझ्या हाती आहे, तोवर ती परत करणे माझ्यावर बंधनकारक आहे, मग ती मी चोरलेली नसली तरीही. हा भेद आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. माणूस निर्दोष असूनही देणेकरी असू शकतो. सामाजिक पाप म्हणजे अनेकांच्या वैयक्तिक पापांची साठवण, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये लिहिले. ही साठवण वारसांच्या पदरी पडतेच.

कोणी म्हणेल, घळी सुंदर आहेत, दुर्मिळ रानफुले तेथे फुलतात, मग झाले ते वाईट कसे? वाइटातून देव चांगले घडवतो, हे तर आपण पास्काच्या जागरणविधीतही गातो. मान्य. पण ते चांगले देवाचे कर्तृत्व आहे, आपला हिशेब त्याने चुकता होत नाही. वाहून गेलेली माती शेतात परतली नाही, आणि मस्कोगी लोकांना त्या फुलांचा काय उपयोग?

आता आपल्या वसईकडे पाहू. बावखले पावसाचे पाणी धरून ठेवत, त्यामुळे विहिरींना गोडे पाणी टिके. कितीतरी बुजवली गेली. कोणी गरजेपोटी, कोणी भाव आला म्हणून. बुजवणारे बरेचसे आता सिमेटरीत आहेत आणि त्यांच्यासाठी आपण मिस्सा देतो. त्या भरावावरच्या घरात मात्र आपण राहतो, त्याचे भाडे घेतो आणि शेजाऱ्याची विहीर मचूळ झाली की नगरपालिकेला दोष देतो. (हल्ली महानगरपालिका आहे, पण दोष तोच.) बावखल आम्ही बुजवले नाही, हे खरे आहे. पण अक्वायनस यांचा प्रश्न वेगळा आहे: त्याची किंमत आज कोणाच्या घरात आहे?

घर पाडा असे कोणी म्हणत नाही. परंतु छपरावरचे पाणी गटारात न सोडता विहिरीत सोडता येते. आपल्या आळीत किती बावखले होती, हे म्हाताऱ्या माणसांना अजून विचारता येते. गाळाने भरलेले एखादे शिल्लक असेल, तर पावसाआधी ते उपसायला किती माणसे लागतील, याविषयी आज मिस्सानंतर चर्चच्या अंगणात बोलू या.