ताळा

चाचणीचा पेपर तपासून हातात मिळालाय आणि अजून तो दप्तरात घडी घालून ठेवलेला असेल. असू दे. लगेच काढायचा नाही. ताडकळसच्या आपल्या घरात जेवणं उरकली, टीव्ही बंद झाला, की कोरी वही घेऊन बस. घड्याळ पाठीमागे येईल असं बस.

श्वास येतोय, जातोय. गणिताचं नाव काढलं की छातीत जी धडधड होते, ती होऊ दे. लेकरा, तिला कारण आहे. दहावीला गणिताचे १०० गुण. त्यातले ८० लेखी: बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४०, आणि प्रत्येक पेपरला दोन तास. फळ्यापाशी जाऊन तू सोडवलेलं उदाहरण, मैत्रिणीला समजावून दिलेलं प्रमेय, एखाद्या कठीण प्रश्नावर संध्याकाळभर केलेला विचार, यातलं त्या दोन तासांत कुणाला काही दिसत नाही. मला ही मोजणी अपुरी वाटते, आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांनी ती पुरी होत नाही. ती अपुरी आहे, हे एकदा मनाशी नीट म्हण. घाई नको.

आता एक चार अंकी संख्या लिही. चारही अंक सारखे नकोत, एवढंच. मी ४१२१ घेतो. त्यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे: ४२११. मग लहानाकडून मोठ्याकडे: ११२४. मोठ्यातून लहान वजा करायची. सावकाश कर, प्रत्येक हातचा बघत. ३०८७ आले. पुन्हा तसंच: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८. आले ६१७४. आणखी पुढे गेलास तरी ६१७४च येत राहतील. तुझी संख्या वेगळी असेल, पण जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तूही तिथेच पोचशील.

हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. १९४९ साली त्यांनी हे मांडलं. आज जगभरचे गणिती ६१७४ला त्यांच्या नावाने ओळखतात. संख्यांशी रमत बसण्याला त्यांनी उभं आयुष्य दिलं. हे सांगताना मला दरवेळी भरून येतं.

वजाबाकी करताना तुझा एखादा हातचा सुटला असेल. मुद्दाम सोडून बघ. ४२११ वजा ११२४ करताना दशकाने एककाला दिलेला एक विसरलास, तर ३०८७ऐवजी ३०९७ येतात. थांब, पुढे जाऊ नको. उत्तरातल्या अंकांची बेरीज कर. ३, ०, ८, ७ मिळून १८, नवाच्या पाढ्यातले. ३, ०, ९, ७ मिळून १९. हे बसत नाही. दोन्ही संख्यांत अंक तेच असल्यामुळे वजाबाकी नवाने भागली जायलाच हवी. म्हणजे कुठेतरी काही निसटलं. कुठे, ते शोध. दशकाच्या घरात सापडेल. ते सापडतं त्या क्षणी मन कसं होतं, त्याकडे लक्ष दे. तिथे भीती आहे का?

या मनानेच आता पेपर काढ. वर लाल शाईत लिहिलेल्या गुणांवर नजर जाईल, जाऊ दे, आणि मग पहिल्या चुकलेल्या प्रश्नावर आण. समज, क्ष² − ७क्ष + १२ = ० हे समीकरण आहे आणि तू मुळं −३ आणि −४ लिहिलीत. अवयव बरोबर पाडलेत, फक्त शेवटी चिन्ह फिरलं. −३ ठेवून बघ: ९ अधिक २१ अधिक १२, म्हणजे ४२. शून्य येत नाही. ३ ठेव: ९ वजा २१ अधिक १२. शून्य. अर्ध्या मिनिटाचा ताळा. परीक्षेत एवढा वेळ मिळतो, मात्र तो घ्यायची सवय घरीच लागावी लागते. म्हणून रोज दहा उदाहरणं धावत सोडवण्यापेक्षा चार सोडवून चारहींचा ताळा घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापाशी असाच थांबत जा. जिथे येत होतं पण हातून निसटलं, तिथे पेन्सिलीने टिंब दे. वेळ संपला म्हणून राहिलं, तिथे आडवी रेघ. आणि मुळातच कळलं नव्हतं, तिथे गोल. गोल काढताना हात अडखळेल. काढ तरीही. तो प्रश्न उद्या मधल्या सुट्टीत सरांसमोर ठेवायचा आहे, आणि ‘हे येत नाही’ असं न म्हणता ‘या ओळीपर्यंत येतं’ असं सांगायचं आहे. त्यासाठी ती ओळ आज शोधावी लागेल. बोट ठेवून वाच.

घरात कुणीतरी ‘किती पडले?’ विचारेल. जेवढे पडले तेवढे सांग. मग पेपर पुढे कर, आणि टिंबं कोणती, गोल कोणते, तेही दाखव.