हरिण आणि कदंब

गेलेल्या माणसाच्या नावाने झाड लावावे, ते जीव लावून वाढवावे, हा मोह की धर्म? शास्त्र जाणणारे लगेच भागवतातील भरत राजाकडे बोट दाखवितात. राज्य सोडून वनात गेलेला तो विरक्त पुरुष एका हरिणाच्या पाडसात गुंतला आणि पुढल्या जन्मी हरिण झाला. मग लेकीच्या नावाच्या झाडात गुंतणाऱ्या बापाची गत काय?

ह्याचे उत्तर राजस्थानात, राजसमंद जिल्ह्यातील पिपलांत्री गावी पाहावे. तेथले श्यामसुंदर पालीवाल २००५ ते २०१० सरपंच होते. त्याच काळात त्यांची तरुण मुलगी वारली. मुलूख संगमरवराच्या खाणींचा. दगडाला काय तोटा? पण बापाने तिच्या नावाने कदंब लावला. एवढ्यावर थांबले असते, तर तो घरचा शोक होता. पुढे गावाने नेम केला, की कोणाच्याही घरी मुलगी जन्मली की १११ झाडे लावायची. गावकऱ्यांनी २१,००० व आईबापांनी १०,००० रुपये घालून तिच्या नावे ठेव ठेवायची, आणि १८ वर्षांच्या आत तिचे लग्न करणार नाही, असे आईबापांनी लिहून द्यायचे. उजाड माळावर वन उभे राहिले. राखीपौर्णिमेला मुली त्या झाडांना राखी बांधतात.

आता नीट पाहा हं. भरताचे मन सर्व भूतांवरून निघाले आणि एका पाडसावर येऊन आटले. त्यापायी नित्यनेमही सुटला. ह्या बापाचे मन एका लेकीपासून निघाले आणि गावच्या सगळ्या लेकींपर्यंत पोचले. ओढ दोघांचीही खरीच. दिशा मात्र उलटी. अरुंधतीदर्शनन्याय तो हाच. बारीक अरुंधती दिसावी म्हणून आधी शेजारचा मोठा तारा दाखवितात. आपले माणूस हा तो मोठा तारा. तेथेच डोळा खिळला, तर अरुंधती दिसायची नाही; पण तो तारा नसता, तर बघायचे तरी कोठून?

आणखी एक. दगडाचे स्मारक बांधले की संपले; ते काही मागत नाही. झाड उन्हाळ्यात पाणी मागते, गुरांपासून राखण मागते. दुःखाच्या हाताला रोज काम लागते. अहो, कामाला लागलेल्या दुःखाला कुढायला फुरसत कोठली?

तेव्हा अशा वनात जाल, तर नुसती सावली घेऊन परतू नका. आपल्या गेलेल्या माणसाची माया आज कोणाच्या लेकराच्या वाट्याला येते आहे, हे मनाला विचारा. उत्तरात एका जरी परक्याचे नाव आले, तर खुशाल समजा, तो मोह नव्हे.