दात्याची कुंडली

नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याजवळच्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची बैठक होती. प्रयोगशाळेची खोली पावसाळ्यात गळते, ती नव्याने बांधायची, तर पैसे कुठून आणायचे एवढाच विषय. बोलणं वर्गणीवर आलं तसा पुण्यात आयटीत असलेला एक तरुण म्हणाला, "सर, आपण उगाच दारोदार फिरतो. आता यासाठी सॉफ्टवेअर आहेत. नावांची यादी टाकायची, कोणाची किती ऐपत आहे ते कळतं. ज्यांची नाही, त्यांच्याकडे जायचंच नाही. केवढा वेळ वाचेल!" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला मात्र ते 'जायचंच नाही' खटकलं आणि पुढे कितीतरी दिवस खटकत राहिलं.

तो म्हणत होता ती सोय खरीच आहे. अमेरिकेतली विद्यापीठं, इस्पितळं, संग्रहालयं ती वर्षानुवर्षं वापरतात. तिला 'वेल्थ स्क्रीनिंग' म्हणतात; वेल्थइंजिन, डोनरसर्च, आयवेव्ह ही त्यातली नावाजलेली नावं. देणगीदारांची नावं-पत्ते दिले की ते सॉफ्टवेअर घरांच्या नोंदी, कंपन्यांमधले शेअर, संचालकपदं, इतर संस्थांना आणि राजकीय उमेदवारांना दिलेल्या जाहीर देणग्या यांच्याशी ताडून पाहतं आणि प्रत्येक नावापुढे गुण मांडतं. माहिती कितपत खरी, एकाच नावाची दोन माणसं असली तर काय, यादी किती दिवसांत शिळी होते, हे प्रश्न तिकडच्या लोकांनी पुष्कळ घोळवले आहेत. उत्तर साधारण एकच निघतं: हजारो नावं चाळायला ते उपयोगी, पण एकेका माणसाबद्दल त्याच्यावर विसंबू नये.

आपल्याकडे हे सॉफ्टवेअर जसंच्या तसं चालणार नाही, कारण इथे पैसा असा कागदावर येत नाही. प्राप्तिकराची विवरणं गोपनीय असतात. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, म्हणून त्याची तिथे फारशी मोजदादही नाही. सोनं कपाटात असतं, नाहीतर बँकेत तारण पडलेलं असतं. पण थोडं शोधणाऱ्याला बरंच मिळतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर खरेदीखताचा सारांश, म्हणजे इंडेक्स टू, पाहता येतो, कंपन्यांचे संचालक कोण ते कळतं, निवडणूक लढवलेल्याचं मालमत्तेचं शपथपत्र वाचता येतं. आणि सर्वांत सोपा म्हणजे सातबारा. गाव आणि गट क्रमांक माहीत असला की कोणाचाही सातबारा पाहता येतो. पंधरा रुपयांत डिजिटल सहीची प्रत मिळते.

हा सातबारा जरा जवळून पाहू. वरच्या बाजूला क्षेत्र: समजा, चार हेक्टर. सॉफ्टवेअरची चाळणी इथेच थांबेल आणि 'मोठा शेतकरी' असा शिक्का मारेल. भोगवटादाराच्या रकान्यात मात्र तीन भाऊ, दोन बहिणी आणि वारसनोंद अजून न झालेले आजोबा असे सगळे एकत्र नांदत असतात. पोटखराबा वेगळा. आणि 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा. एका कास्तकारानं हे मला एका वाक्यात सांगितलं होतं, "सातबारा मोठा दिसते ना भाऊ, पण त्याच्यावर सोसायटी बसली आहे." सावकाराचं देणं तर त्या कागदावर कुठेच येत नाही.

मौद्याचं वळण आणखी वेगळं आहे. हा तालुका धानाचा, पेंचच्या कालव्यावर पिकणारा. इथे एनटीपीसीचा २३२० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. ज्यांची जमीन त्यात गेली त्यांना मोबदला मिळाला. कोणी स्लॅबचं घर बांधलं, कोणाच्या दारात चारचाकी आली, कोणी लेकीचं लग्न धूमधडाक्यात केलं. चाळणीला घर दिसतं, गाडी दिसते. दरवर्षी घरात येणारं धान बंद झालं, हे तिला दिसत नाही. अशा घराचे गुण ज्या वर्षी सर्वांत जास्त भरतील, त्याच वर्षी त्या घराचा कायमचा आधार सुटलेला असेल.

मी नेहमी एक फरक करतो: ऐपत वेगळी आणि दानत वेगळी. यात नवीन काही नाही, सॉफ्टवेअरवाल्यांनाही तो ठाऊक आहे. ते दोन्हींना वेगवेगळे गुण देतात. माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. ऐपत कागदांतून हुडकता येते, निदान तिचा अंदाज तरी येतो. दानत ही मात्र मागायला जाण्याआधीच माणसाच्या आत मोजून ठेवलेली वस्तू नाही. कोण मागतो, कशासाठी मागतो, मागणाऱ्यानं स्वतः काय घातलं आहे, यावर ती त्या घडीला ठरते. धोंडो केशव कर्व्यांनी विधवांच्या आश्रमासाठी लोकांपुढे हात पसरला तो आपली आयुर्विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. अशी माणसं दारात आल्यावर ज्यांनी दिलं, त्यांची 'देण्याची शक्यता' आदल्या दिवशी कोणी काढली असती तर ती कितीशी निघाली असती?

यावर त्या तरुणाचं उत्तर तयार होतं, आणि ते कच्चं नव्हतं. शेवटी मोठं काम मोठ्या देणगीनंच उभं राहतं, असं तो म्हणाला. हे खरं आहे. कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ मध्ये सुरू झालं, पण त्याला पाय रोवून उभं राहता आलं ते १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये देऊ केल्यावर. त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं नाव आजही विद्यापीठाला आहे. इथून जवळच्या कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये आपली संपत्ती मृत्युपत्रानं नागपूर विद्यापीठाला दिली आणि तिच्यातून १९४२ मध्ये तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, जिला सगळे 'एलआयटी' म्हणून ओळखतात. आपल्याच काळात नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. अशा दात्यांपर्यंत पोचायला कोणीतरी आधी विचार केलेला असतोच. तो विचार सॉफ्टवेअरनं केला तर बिघडलं काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

पण आपल्याकडे याच्या उलट टोकाची रीतही होती आणि तिच्याबद्दल थोडं लिहिल्यावाचून मला राहवत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंड काढला. दरसाल प्रत्येकानं एक पैसा द्यायचा. लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला त्या पैशातून काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड त्याच घराण्यातला: दळणाच्या वेळी घरच्या बाईनं एक मूठ धान्य वसतिगृहासाठी बाजूला ठेवायचं. या दोन्ही योजनांत रक्कम इतकी लहान ठरवली होती की कोणालाही ऐपतीचं कारण सांगता येऊ नये, आणि कोणालाही ऐपतीच्या कारणानं वगळता येऊ नये. मूठभर देणाऱ्या बाईच्या घरातलं पोर त्या शाळेत जाताना संकोचत नव्हतं, कारण शाळेत तिचीही मूठ होती. या हिशेबाला गुणांच्या तक्त्यात रकाना नाही.

तरुणाचा दुसरा मुद्दा होता की ही सगळी माहिती उघडीच आहे, आपण काही चोरत नाही. इथे मात्र मी त्याला सोडणार नाही. सातबारा उघडा, इंडेक्स टू उघडा, लेकीच्या परदेशातल्या पदवीदानाचा फोटो उघडा, लग्नाचा हॉल कोणता होता ते सगळ्या गावाला ठाऊक. पण या चार गोष्टी चार ठिकाणी असणं आणि त्या एका एक्सेल शीटमध्ये एका नावापुढे येणं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ते शीट आधी अस्तित्वात नव्हतं. आपण ते घडवतो. मग ते कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर जातं. ज्या घरात भावाभावांत वाटणीचा दावा सुरू आहे, ज्या घरात म्हातारी एकटी राहते, त्या घराची अशी कुंडली गावभर फिरणं म्हणजे काय, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

हे नुसतं भय नव्हे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१६ मध्ये माहिती आयुक्तांनी आरएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेला २५,००० आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला १८,००० पौंड दंड केला. देणगीदारांना न सांगता त्यांची श्रीमंती या संस्थांनी बाहेरच्या कंपन्यांकडून चाळून घेतली होती. पुढच्या एप्रिलमध्ये आणखी अकरा संस्थांना दंड झाला. २०२० मध्ये अशा संस्थांची देणगीदार-माहिती सांभाळणाऱ्या ब्लॅकबॉड या अमेरिकी कंपनीत सायबर चोर शिरले. कंपनीनं खंडणी भरली, आणि जगभरच्या विद्यापीठांना व धर्मादाय संस्थांना आपापल्या दात्यांना कळवावं लागलं की तुमची माहिती बाहेर गेली. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे, पण माणसानं स्वतःहून जाहीर केलेली किंवा कायद्यामुळे जाहीर झालेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे तरुणाच्या बाजूनं कायदा बऱ्यापैकी उभा राहील. दात्याचा संकोच सांभाळणं हे मग आपल्यावरच येतं.

कंपन्यांच्या बाबतीत माझा काहीच आक्षेप नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्चायचे असतात, आणि आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. मौद्यात एनटीपीसी आहे, हिंदाल्कोचा अॅल्युमिनियमचा कारखाना आहे. त्यांचे ताळेबंद वाचावेत, मागच्या वर्षी पैसा कुठे गेला ते पाहावं, आणि संस्थेची सीएसआर-१ नोंदणी करून रीतसर अर्ज करावा. कंपनीला लाज नसते, भाऊबंद नसतात. तिचे आकडे लोकांनी पाहावेत म्हणूनच जाहीर असतात. माणसाचं तसं नाही.

इथवर आल्यावर लेख संपवून टाकावा असं वाटत होतं: कंपन्यांना चाळा, माणसांना चाळू नका. पण त्याच बैठकीत पुढे काय झालं ते आठवलं आणि हा निकाल मला पुरेनासा झाला. सॉफ्टवेअरचं बोलणं मागे पडलं आणि चार जाणत्यांनी पेन काढून जुन्या पद्धतीची यादी सुरू केली. "याच्याकडून एकवीस हजार, त्याच्याकडून अकरा, तो एकावनशेच्या वर जाणार नाही." हीसुद्धा चाळणीच. फक्त ती डोक्यात असते आणि तिचे निकष कोणी विचारत नाही. यादी चार घराण्यांभोवती फिरली, बाजारपेठेतली दुकानं आली, राईस मिलवाले आले. बौद्ध वस्तीतलं एकही नाव आलं नाही. त्या वस्तीतली मुलं याच शाळेत शिकली. त्यातले कोणी रेल्वेत लागले, कोणी ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोणी नागपुरात प्राध्यापक आहेत. विहाराच्या बांधकामाला त्यांनी सढळ हातानं दिलेलं सगळ्यांना माहीत आहे. पण शाळेसाठी त्यांना विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. बायकांची नावंही नव्हती. शाळेतून शिकून शिक्षिका, परिचारिका झालेल्या मुली 'लग्न होऊन गेल्या' एवढ्यावर यादीबाहेर.

मागायला न येणं हाही एक निवाडा असतो. ज्याच्या दारावर वर्गणीवाले थांबत नाहीत, त्याला गावानं न बोलता सांगितलेलं असतं की हे काम तुझं नाही. त्या तरुणाचं सॉफ्टवेअर निदान जात ओळखत नाही. त्यानं रेल्वेतला अधिकारी आणि नागपूरची शिक्षिका दोघांनाही वर आणलं असतं. आडनावं आणि पत्ते पाहून तेही कधी हाच भेद शिकेल ही भीती आहेच. तरीही डोक्यातल्या यादीपेक्षा कागदावरची यादी बरी, हे मला आता मानावं लागतं. कागदावरच्या यादीला कोणीतरी विचारू शकतो की अमुक नाव का नाही. डोक्यातल्या यादीला कोणी काही विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं जिथून निघालं होतं तिथे आता राहिलेलं नाही. चाळणी नको, असं मी म्हणणार नाही. चाळणीनं कोणालाही गाळू नये, एवढी अट घालीन. आधी सगळ्यांची यादी: हजेरीपटावर ज्यांचं नाव होतं ते सगळे, मुली आणि वस्त्या धरून. मग कोणाकडे कसं जायचं, कोणाला बांधकामाचा आराखडा दाखवायचा, कोणाला नुसता एक फोन पुरेल, यासाठी अंदाज बांधा; सॉफ्टवेअरनं बांधा की पारावर बसून बांधा. सातबारे आणि खरेदीखतं एकत्र करू नका. एवढं खोदल्याशिवाय ज्याच्याकडे जाता येत नाही, त्याच्याशी आपली ओळखच नाही असं समजा. आणि कोणाच्याही मालमत्तेची चौकशी करण्याआधी आपल्या संस्थेचा तपासलेला जमाखर्च त्याच्या हातात ठेवा.

गावोगावच्या शाळा-समित्यांत जे बसतात, त्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत वर्गणीची यादी मोठ्यानं वाचा, आणि ती अशी लिहा की जिच्यात नाव आहे ती व्यक्ती समोर बसलेली असली तरी वाचता येईल. कोणाच्या नावापुढचा मजकूर वाचताना अडखळायला झालं, तर तो मजकूर तिथेच खोडा. आणि वाचून झाल्यावर शाळेचा जुना हजेरीपट काढून, कोण राहिलं ते बघा.